फिट येणारी भाची आणि मागची सीट



आपल्या यवतमाळकडे "गाडी" म्हटलं की मोटारसायकल. चारचाकी असेल तर "फोर व्हीलर" असं वेगळं सांगावं लागतं. शेतात जायला गाडी, दवाखान्यात न्यायला गाडी, मुलगी पाहायला जायलाही गाडीच. दारव्हा, आर्णी, घाटंजी, कळंब, कुठूनही यवतमाळला यायचं तर एस.टी., नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. आणि मागे बसणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. "बस" म्हणायचं, तो बसला की किक मारायची.

आज या मागे बसणाऱ्याबद्दल लिहायचं आहे. माझ्या नणंदेच्या मुलीला फिट येतात. डॉक्टरी शब्द अपस्मार. जुनी माणसं फेफरं, आकडी, मिरगी असंही म्हणतात. ती आमच्याकडे राहून शिकली. तिला गाडीवर बसवायचं की नाही, बसवायचं तर कुणी, कधी आणि किती अंतर, हा प्रश्न आमच्या घरात काही वर्षं रोजचा होता. त्यातून जे समजलं ते लिहून ठेवते. भाचीची परवानगी घेतली आहे. "मामी, नाव तेवढं टाकू नका, बाकी सगळं लिहा," असं ती म्हणाली.

तिचा आजार चौदाव्या वर्षी सुरू झाला. सकाळी उठल्यावर हातातला कप उडायचा, कंगवा निसटायचा. घरच्यांना वाटलं, पोरगी वेंधळी आहे. दहावीच्या वर्षी रात्रभर जागून अभ्यास केला आणि सकाळी दात घासताना मोठी फिट आली. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ई.ई.जी. काढला आणि सांगितलं की किशोरवयात सुरू होणारा हा एक ओळखीचा प्रकार आहे, जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. यात झोपेतून उठल्यानंतरच्या थोड्या वेळात हातांना झटके येतात, कधी मोठी फिटही येते. जागरण झालं की त्रास वाढतो. गोळ्यांनी बहुतेकांचा आजार छान आटोक्यात राहतो, पण गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात.

ती कॉलेजसाठी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या आईने डबा, गोळ्यांचं पाकीट आणि एक ताकीद बरोबर दिली होती. कॉलेजात कुणाला सांगायचं नाही. मला हे पटलेलं नव्हतं आणि मी तसं नणंदेला बोललेही होते. पण मुलगी तिची.

गाडीचा प्रश्न पहिल्यांदा आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. कोरोनानंतर कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. भाची दिवाळीला दारव्ह्याला घरी गेली आणि इकडे एस.टी.चा संप लागला. आठवतो ना तो संप? पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दारव्हा ते यवतमाळ चाळीसएक किलोमीटर. काळीपिवळीत माणसं अक्षरशः लटकत होती. माझा मुलगा म्हणाला, "मी आणतो ना गाडीवर. तासाभराचं तर काम."

सासूबाई म्हणाल्या, "तिले गाडीवर आनू नको रे बापू. रस्त्यात फिट आली त कोन धरन?"

आमचे हे म्हणाले, "ओढणीनं तुझ्या कमरेला बांधून घे तिला, म्हणजे पडणार नाही."

मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी हो किंवा नाही म्हणण्याआधी चार प्रश्न विचारले. शेवटची मोठी फिट कधी आली? झटके सध्या येतात का? येण्याआधी तिला काही जाणवतं का? गोळी चुकते का? मला तेव्हा लक्षात आलं की "फिट" हा एकच शब्द आपण किती निरनिराळ्या गोष्टींना वापरतो. कुणाला फिट येण्याआधी पोटात कसंसं होतं, विचित्र वास येतो, अशा माणसाला चालवणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवून घ्यायला थोडा वेळ मिळू शकतो. कुणी काही सेकंद नुसतं शून्यात पाहतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण तेवढ्यात हाताची पकड सुटू शकते. कुणाचं अंग एकदम ढिलं पडतं. आणि मोठ्या फिटमध्ये सगळं शरीर आधी लाकडासारखं ताठ होतं, मग झटके सुरू होतात. आमच्या भाचीला आधी काहीच कळत नाही. म्हणजे "काही वाटलं तर दादाला सांग" ही सूचना तिच्या बाबतीत निरुपयोगी.

ओढणीने बांधण्याचंही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बांधलेलं माणूस ताठ झालं की चालवणाऱ्यालाही ओढतं. एक पडायच्या ऐवजी दोघं पडतील." हे ऐकल्यावर यांनी विषय सोडला.

लहान मुलांसाठी आपल्याकडे आता असा पट्टा कायद्यात आला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. तो पट्टा डुलकी लागणाऱ्या दहा-बारा किलोच्या बाळासाठी आहे. पंचावन्न किलोच्या ताठ झालेल्या मुलीला तो हिशेब लागू होत नाही.

त्या वेळी आम्ही भाड्याची फोर व्हीलर केली. हजाराच्या वर पैसे गेले. मी बी.कॉम. असल्याने घरात खर्चाची वही माझ्याकडे असते. त्या दिवशी मी तो खर्च "प्रवास" या खात्यात न लिहिता "औषधपाणी" या खात्यात लिहिला. मला तो तिथलाच वाटला.

आता डिसेंबरमधली गोष्ट. घरून कॉलेजला भाची ऑटोने जाते असं आम्हाला माहीत होतं. ऑटोचे पैसे ती दर आठवड्याला घ्यायची. प्रत्यक्षात ती मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून जात होती आणि पैसे जमवून आईला स्वेटर घेणार होती. मैत्रिणीला आजाराचं काही माहीत नव्हतं, कारण आईची ताकीद. त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आदल्या रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी सातला निघाल्या, थंडी मरणाची. चौकाच्या अलीकडे भाचीच्या हातांना झटका आला. तिने मैत्रिणीच्या दंडाला धरलेलं होतं. दंड ओढला गेला, हँडल वळलं, स्कूटी घसरली. भाचीचा गुडघा सोलला. मैत्रिणीचं मनगट मोडलं. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच म्हणायचं.

संध्याकाळी त्या मैत्रिणीची आई आमच्याकडे आली. मला वाटलं भांडण होणार. ती चहासुद्धा प्यायली. मग म्हणाली, "ताई, हात जुळून येईल. पोरी आहेत, पडतात. पण माझ्या मुलीला माहीत असतं तर तिनं विचार केला असता, एवढ्या सकाळी हिला मागे घ्यावं की नाही. घेतलंही असतं कदाचित. पण विचार तिनं केला असता."

प्लास्टरचा खर्च आम्ही दिला. तिने आधी नाही म्हटलं, मग घेतला. पण तिचं वाक्य मला रात्री झोपू देईना. मग आठवलं की हेच मी कॉलेजात शिकले होते.

आम्हाला विम्याच्या पेपरात "परम सद्भाव" नावाचं तत्त्व होतं. साधारण खरेदी-विक्रीत घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत असं कायदा म्हणतो. कापड घेताना ताणून बघा, धान्य घेताना मूठभर हातात घ्या. विम्यात तसं चालत नाही, कारण धोक्याची सगळी माहिती एकाच बाजूकडे असते. विमा कंपनीला तुमच्या छातीत दुखतं हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ज्याला माहीत आहे त्याने, कुणी विचारो न विचारो, आपण होऊन सांगायचं. लपवलं तर करारच डळमळतो.

गाडीची मागची सीट अगदी तशीच आहे. चालवणाऱ्याची पाठ तिच्याकडे असते. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि जे होईल ते त्याच्याही हाडांवर होणार असतं. लायसन्स काढताना अर्जदाराला प्रकृतीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात स्पष्ट विचारलेलं असतं की तुम्हाला अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का. हो असेल तर गाडी चालवायची नाही. भाचीला स्कूटी शिकायची फार हौस होती, तिने तो प्रश्न वाचला आणि फॉर्म बाजूला ठेवला. पण मागे बसणाऱ्यासाठी असा फॉर्म नाही. तो आपणच आपल्या तोंडाने भरायचा असतो.

मी हे नणंदेला सांगितलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिच्या वेण्या मी घातल्या आहेत. त्यामुळे ती माझ्याशी मोकळं बोलते. म्हणाली, "वहिनी, विम्याचं पुस्तक तुमच्याकडे ठेवा. उद्या हिच्या लग्नाचं बघायचं आहे. एकाला सांगितलं की दहा घरी जातं. यवतमाळ केवढं, दारव्हा केवढं, आपला समाज केवढा!"

तिची भीती खोटी नाही. हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने असं कलम आलं होतं की वरचेवर अपस्माराचे झटके येणाऱ्या व्यक्तीचं लग्न त्या कारणावरून रद्द करून घेता येईल. वेडाच्या झटक्यांच्या शेजारीच अपस्मार हा शब्द बसवला होता. माझं लग्न १९८४ चं, तेव्हा हेच कलम होतं. अशा मुलींची लग्नं लपवून व्हायची, आणि पहिली फिट सासरी आली की मुलगी माहेरी परत. नणंदेच्या पिढीने हे पाहिलं आहे.

पण १९९९ च्या दुरुस्तीने "अपस्मार" हा शब्द त्या कलमातून काढून टाकला. त्यामुळे आता नुसत्या आजारावरून लग्न रद्द करता येत नाही. मात्र त्याच कायद्यात दुसरं कलम आजही आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. मी नणंदेला म्हटलं, "आता बघ, कायद्यानं आजाराला माफ केलंय. लपवण्याला केलेलं नाही." ती त्या दिवशी गप्प बसली. पटलं म्हणून गप्प बसली की मी मोठी म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

निर्णय भाचीनेच घेतला. ती स्वतः मैत्रिणीच्या घरी गेली आणि तिला सगळं सांगितलं. गल्लीला सांगायची गरज नाही, वर्गाला नाही, मंदिरात तर अजिबात नाही. पण जो तिला मागे बसवणार, त्याला बसण्याआधी सांगायचं, असं तिने ठरवलं. तिचं वाक्य ठरलेलं आहे: "मला फिटचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, शेवटची फिट अमुक महिन्यात आली. नको वाटलं तर नेऊ नका, मला राग येणार नाही." वर्गातल्या एका मुलाने हे ऐकून सरळ "मग नको" म्हटलं. तिला वाईट वाटलं, रडलीही. पण त्या मुलाने काही वाईट केलं नाही. त्याला विचार करायला मिळाला आणि त्याने केला. ती मैत्रीण मात्र प्लास्टर निघाल्यावर स्वतःच म्हणाली की आता दोघी ऑटोने जाऊ, अर्धे-अर्धे पैसे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटपर्यंत त्या तशाच गेल्या.

डिसेंबरच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं आणि गाडी पूर्ण बंद करायला सांगितली. वर्षभर एकही झटका आला नाही तेव्हा मी पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले की धोका शून्य कधीच होत नाही, कमी होतो. लहान अंतर, सावधपणे, तिच्या आणि चालवणाऱ्याच्या संमतीने न्यायला हरकत नाही. मग आम्ही घरात नियम केले. ते आमच्या भाचीच्या आजारापुरते आहेत, तुमच्या माणसासाठी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीची झोप पूर्ण झालेली नसेल तर गाडी नाही. गोळी चुकली असेल तर त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ताप असेल तर नाही. सकाळी उठल्यापासून दोन तास नाही. गावातल्या गावात, तेही दिवसा. नागपूर रोडसारख्या हायवेवर नाही, पावसात नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. आपण बायका साडीमुळे एका अंगाने बसतो, पण त्यात पाय टेकायला आधार अर्धाच आणि तोल सगळा एका बाजूला, धडधाकट बाईसुद्धा गतिरोधकावर उडते. ओढणी गळ्याभोवती लोंबती नको, चाकात गेली तर फिटशिवायही जीव जातो. धरायचं ते सीटमागच्या कड्याला, चालवणाऱ्याच्या दंडाला नाही. मुलाने सीटमागे पेटी बसवून घेतली आहे, पाठीला टेका होतो. हेल्मेट दोघांनाही, कायद्यातही ते दोघांनाही सांगितलं आहे, मागच्याला सूट नाही.

विम्याचा कागदही काढून पाहिला. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर मागे बसलेल्याला त्यातून भरपाई मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. आपल्याकडे कित्येक जुन्या गाड्यांचा विमा फक्त तेवढाच असतो. आम्ही मुलाच्या गाडीचा पूर्ण विमा घेतला. तुम्हीही एकदा कपाट उघडून कागद पाहा, घरात कुणाला फिट येत असो वा नसो.

आणि शेवटचा नियम माझ्याबद्दल. मी स्वतः स्कूटी चालवते, मंदिरात, भाजीला, बँकेत. भाचीला माझ्या मागे बसून मंदिरात यायला आवडलं असतं. पण मी साठी ओलांडलेली, वजन पन्नास किलो, उजवा गुडघा दुखरा. मागचं माणूस अचानक ताठ झालं तर मला गाडी सावरता येणार नाही. म्हणून माझ्या मागे ती बसत नाही. आम्ही दोघी चालत जातो, वीस मिनिटं लागतात.

चालताना मला ईर्यासमिती आठवते. आपले साधू-साध्वी पायाखाली जीव येऊ नये म्हणून चार हात पुढची जमीन पाहत चालतात. गाडीवर बसलेल्या संसारी माणसाला तेवढं कुठून जमणार? पण पुढचे चार हात पाहण्याची सवय लावून घेता येते. आज झोप झाली का, गोळी झाली का, रस्ता कसा आहे, हे निघण्याआधी पाहायचं. घाईत "चल बस" म्हणणं म्हणजेच प्रमाद.

धर्माचा आणखी एक प्रश्न आमच्या घरात आला, तोही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी येऊ शकतो. सासूबाईंचा चौविहार असतो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. भाचीलाही त्यांच्यासारखं करायचं होतं. तिची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठला. तिने मनानेच रात्रीची गोळी सूर्यास्ताआधी घ्यायला सुरुवात केली. पण हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, उन्हाळ्यात सातच्या सुमारास. गोळीची वेळ अशी रोज सरकवायची नसते, दोन गोळ्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं असतं. पर्युषणात तिने निर्जळी उपवासाचाही हट्ट धरला. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "औषध-पान्याची सूट ठेवून नेम घे. नेम मोडत नाई त्यानं." आता रात्री आठला त्याच तिला गोळी आणि अर्धा पेला पाणी देतात. स्वतः तोंडात थेंब घालत नाहीत, पण घड्याळाकडे त्यांचंच लक्ष असतं.

समजा रस्त्यात फिट आलीच तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना मी एकदा बसवून सांगितलं. गाडी चालू असताना मागे झटका जाणवला तर करकचून ब्रेक लावायचा नाही, वेग कमी करत डावीकडे घ्यायचं. तिला रस्त्यापासून बाजूला, जमिनीवर, कुशीवर आडवं करायचं. आसपासचे दगड, वीट दूर करायची. गळ्याजवळचं सैल करायचं. घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली यांनी काही होत नाही. तो वेळ फुकट जातो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली, किंवा पडून मार लागला असेल तर १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. गाडीवरून जोरात पडलेली असेल तर मान आणि हेल्मेट घाईने ओढायचं नाही, फक्त श्वास नीट चालतोय का ते बघायचं.

आणि एक, जे खेड्यापाड्यात मी स्वतः पाहिलं आहे. फिट येऊन गेलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये बसवून, ट्रिपल सीट दवाखान्यात नेतात. भावना चांगली असते. पण फिटनंतर माणूस बराच वेळ गुंगीत असतो, मान पुढे पडते, श्वास अडतो, पुन्हा फिट येऊ शकते. त्या अवस्थेत गाडीवर नेऊच नये. आडवं ठेवा, वाट पाहा, जीप किंवा रुग्णवाहिका बोलवा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान व औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. म्हणजे तुमच्या गल्लीत, तुमच्या ओळखीत कुणीतरी आहेच, फक्त सांगत नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, ज्या स्वतः या आजारातून गेल्या, संवेदना फाउंडेशन नावाचा आधारगट उभा केला. तिथे अपस्मार असणाऱ्यांचे वधूवर मेळावेही होतात. तिथे सांगायचं की लपवायचं हा प्रश्नच उरत नाही, सगळ्यांना आधीच माहीत असतं. मी नणंदेला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदाच विचारलं, "वहिनी, त्यांचा पत्ता मिळेल का?"

भाची आता नोकरी करते. तिच्यासाठी दोन स्थळं आली. दोन्हीकडे पहिल्याच भेटीत तिने आपलं वाक्य सांगितलं, तिची आई शेजारी मान खाली घालून बसली होती. एका घराने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. दुसऱ्या घरचा मुलगा म्हणाला, मला आमच्या डॉक्टरांशी बोलू द्या. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

पुढच्या सोमवारी तिची नागपूरची तारीख आहे. दीडशे किलोमीटर, कळंब-वर्ध्यावरून. मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "गाडीनं जाऊ का?" आणि स्वतःच हसला. आम्ही दोघी एस.टी.ने जाणार आहोत. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकीची जागा तिची, आणि डब्यात मी मेथीचे ठेपले करणार आहे.

जय जिनेंद्र.